ताप उतरल्यानंतरचे पंधरा दिवस

(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



भाषण करण्याचा हा माझा पहिलाच प्रसंग. माझे शिक्षण सातवीपर्यंत. पापड लाटायला, हळदीकुंकवाला पन्हे करायला मला बोलवा, मी पुढे असते. पण असे सर्वांसमोर उभे राहायचे म्हणजे पाय लटपटतात. तरी चिटणीसबाई म्हणाल्या, "तुमच्या धाकटीच्या आजारपणाविषयी सांगा, दुसरीला काही कळेल," तेव्हा मला नाही म्हणवेना. २०२२ सालच्या पावसाळ्यात याच मंडळाने माझी पाळी नसताना भिशीची रक्कम माझ्या हातात ठेवली होती. ते उपकार फिटण्यासारखे नाहीत. निदान त्या वेळी जे शिकले ते तुमच्यापुढे ठेवते. चुकलेमाकले पदरात घ्यावे.

आधीच सांगते, वैद्यकातले जे मी बोलणार ते माझ्या पदरचे नव्हे. पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी मला समजावून सांगितले, आणि माझी थोरली मुलगी परिचारिकेचे शिक्षण घेते, तिने पुस्तकांतून वाचून दाखवले, ते मी सांगणार आहे.

धाकटी तेव्हा सात वर्षांची, दुसरीत होती. आषाढात घरोघर सर्दी-तापाची साथ होती, तशी आमच्याकडेही आली. चार दिवस ताप, नाक वाहणे, खोकला. पाचव्या दिवशी अंग निवाले. मऊ भात आणि मेतकूट खाऊन पोर उठून बसली आणि आठवडाभरात शाळेत जाऊ लागली. मी देवापुढे साखर ठेवली आणि ते दुखणे विसरून गेले. आपण सगळ्याच असे करतो. ताप उतरला म्हणजे आजार संपला, असे आपले गणित.

ताप उतरून दहा-बारा दिवस झाले असतील. पोर एकाएकी किरकिरी झाली. शाळेतून आली की दप्तर टाकून झोपायची. एरवी दुपारी झोप म्हटले तर घर डोक्यावर घेणारी ती! दुसऱ्या दिवशी तिच्या वहीतली अक्षरे ओळ सोडून खाली उतरलेली दिसली. संध्याकाळी दुधाचा पेला हातातून सुटला. मला वाटले, आजारपणात लाड झाले, आता अभ्यास नको म्हणून ही सोंगे. मी दरडावले, "नीट धर पेन्सिल." ती म्हणाली, "आई, हात ऐकत नाही." भगिनींनो, त्यावर मी तिला एक चापट मारली.

हे मी आजवर फार जणींना सांगितलेले नाही. आज मुद्दाम सांगते, कारण माझ्या सगळ्या बोलण्याचे मर्म त्यातच आहे.

तिसऱ्या दिवशी ती भिंतीला धरून चालू लागली. जवळच्या दवाखान्यात नेले. अशक्तपणा असेल म्हणून शक्तीचे औषध मिळाले. मी डॉक्टरांना दोष देत नाही. "पोर मरगळली आहे" एवढेच मी सांगितले. "हात ऐकत नाही" हे तिचे शब्द मी त्यांना सांगितलेच नाहीत. मला ते सांगण्यासारखे वाटले नाहीत. घरी सासूबाईंनी मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. शेजारच्या एका बाईंनी अंगारा आणून दिला. कोणाच्याही मनात वाईट नव्हते, पण त्यात दोन दिवस गेले.

पाचव्या दिवशी सकाळी तिला हाक मारली तर डोळे उघडले, पण मला ओळखल्याची खूण नाही. आदल्या संध्याकाळपासून ती लघवीला गेलेली नव्हती आणि ओटीपोट ताठ झाले होते. मी ह्यांना म्हटले, "अहो, आता उद्या नको. आत्ताच न्यायची." शेजारच्यांची जीप मागून घेतली आणि दुपारपर्यंत पुणे गाठले.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पोरीला तपासले आणि मला पहिलाच प्रश्न केला, "ताई, गेल्या महिन्याभरात हिला ताप, सर्दी, गोवर, कांजिण्या असे काही होऊन गेले का?" मी चकितच झाले. त्या सर्दीचा आणि या लुळेपणाचा काही संबंध असेल असे माझ्या स्वप्नातही नव्हते.

मग तपासण्या सुरू झाल्या. बोगद्यासारख्या यंत्रात घालून मेंदूचे चित्र काढले, त्याला एम.आर.आय. म्हणतात. त्यात मेंदूत ठिकठिकाणी मोठे, धूसर पांढरे डाग दिसले. पाठीच्या कण्यातले पाणी काढायचे म्हणाले तेव्हा मी ह्यांना सही करू देईना. कमरेतून पाणी काढले की माणूस लुळा पडतो, असे मी लहानपणापासून ऐकत आले होते. डॉक्टरीणबाईंनी हाताने दाखवून सांगितले, की आतला मज्जारज्जू वरच संपतो आणि सुई त्याच्या खाली घालतात. दुखणे विषाणूने थेट मेंदूत शिरून केले आहे का, हे त्या पाण्यावरून कळते. मग सही केली. त्याचा निकाल येईपर्यंत जंतूंवरची आणि विषाणूंवरची औषधे चालूच ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हा दोघांना बसवून आजार समजावून दिला. मला म्हणाल्या, "मिक्सरची वायर उंदराने कुरतडली तर काय होते?" मी म्हटले, "कधी चालतो, कधी बंद पडतो." "बस, तेच झाले आहे," त्या म्हणाल्या.

आपल्या मेंदूत आणि मज्जारज्जूत असंख्य तंतू असतात. त्यांच्यावर एका स्निग्ध पदार्थाचे वेष्टण असते, त्याला मायेलिन म्हणतात. वेष्टण धड असले की मेंदूचा निरोप झटकन पोचतो. ते सोलले गेले की निरोप रेंगाळतो, नाही तर वाटेतच अडतो. हात चांगला असतो, बोटे चांगली असतात, पण निरोपच पोचत नाही. हे ऐकले आणि माझ्या पोटात कालवले. "हात ऐकत नाही," असे पोरीने आपल्या भाषेत अगदी बरोबर सांगितले होते. डॉक्टरांच्या चार दिवस आधी सांगितले होते.

मग हे वेष्टण कुरतडले कोणी? मला वाटले, तापाचा विषाणू मेंदूत गेला. तसाही आजार असतो. पण हिच्या अंगातला विषाणू केव्हाच नाहीसा झाला होता. कुरतडणारे तिच्याच शरीराचे रक्षक होते. विषाणू अंगात शिरला की शरीर त्याच्याशी लढायला रक्तात प्रतिपिंडे तयार करते. ती तयार व्हायला काही दिवस लागतात. एरवी ती विषाणूला ओळखून त्याच्यावरच तुटून पडतात. पण क्वचित एखाद्या मुलात ओळख चुकते. रात्री गस्त घालणाऱ्या गुरख्याने अंधारात चोर समजून घरधन्यालाच काठी हाणावी, तसा प्रकार होतो. विषाणूचा एखादा भाग मायेलिनसारखा दिसत असावा, किंवा तापाच्या धामधुमीत नको ते रक्षक जागे होत असावेत, असे शास्त्रज्ञ मानतात. म्हणूनच हा आजार तापात न येता ताप उतरल्यानंतर, बहुधा दोन दिवसांपासून चार आठवड्यांच्या आत येतो.

या आजाराचे पूर्ण नाव थोरलीने मला कागदावर लिहून दिले आहे: अक्यूट डिसेमिनेटेड एन्सेफॅलोमायलायटिस. डॉक्टर थोडक्यात एडेम म्हणतात. तो जास्त करून दहा वर्षांच्या आतल्या मुलांना होतो, आणि होतो फार थोड्यांना. गोवर, कांजिण्या, गालगुंड, फ्लू, साधी सर्दी, यांपैकी कशानंतरही होऊ शकतो. २०२० नंतर करोनाच्या मागूनही काही मुलांत दिसला.

धाकटीचे रक्त एका विशेष तपासणीसाठी पाठवले होते. मायेलिनच्या अगदी बाहेरच्या थरावर एक प्रथिन असते. त्याचे नाव मायेलिन ऑलिगोडेंड्रोसाइट ग्लायकोप्रोटीन, डॉक्टरांच्या तोंडी मॉग. ते बाहेरच असल्यामुळे वाट चुकलेल्या प्रतिपिंडांच्या तावडीत आधी सापडते. एडेम झालेल्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश ते निम्म्या मुलांच्या रक्तात या मॉगविरुद्धची प्रतिपिंडे सापडतात. आमच्या मुलीच्या रक्तात ती सापडली. पुढे २०२३ साली निरनिराळ्या देशांच्या तज्ज्ञांनी मिळून या मॉगच्या आजाराची लक्षणे आणि निकष ठरवून छापले. म्हणजे विद्या किती नवी आहे बघा.

इथे मला माहेरची एक आठवण सांगायची आहे. मी लहान असताना आमच्या शेजारच्या एका काकांना पिसाळलेले कुत्रे चावले. तेव्हा पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागत. इथल्या पुष्कळ जणींना ती आठवत असतील. काकांची इंजेक्शने होत आली आणि त्यांचे पाय गेले. महिनोन्महिने ते काठी घेऊन चालत. गावात म्हणत, कुत्र्याचे विष पायात उतरले. मी ही गोष्ट डॉक्टरीणबाईंना सांगितली तेव्हा त्या म्हणाल्या, "ते कुत्र्याचे विष नसावे, बहुधा हाच प्रकार." ती जुनी लस डेव्हिड सेंपल नावाच्या डॉक्टरांनी १९११ साली कसौलीला काढली होती आणि ती मेंढीच्या मेंदूपासून बनवत. तिच्यात मेंढीचे मायेलिन असे. ते पुन्हा पुन्हा टोचल्यावर काही माणसांचे शरीर मायेलिनलाच शत्रू समजे, आणि मग स्वतःच्या मायेलिनवर उलटे. १९३३ साली अमेरिकेत टॉमस रिव्हर्स यांनी माकडांना सशाच्या मेंदूचा अंश वारंवार टोचून पाहिला. त्यात कसलाही रोगजंतू नव्हता, तरी काही माकडे लुळी झाली. रोगजंतूवाचून शरीर आपल्याच मेंदूवर उलटू शकते, हे त्यावरून दिसले.

ऐकून कोणी घाबरू नये. मेंढीच्या मेंदूची ती लस आपल्या देशात २००४ च्या अखेरीस बनवणे बंद झाले. आताची लस मेंदूपासून करत नाहीत आणि ती पोटात टोचत नाहीत. कुत्रे चावले तर ती न चुकता घ्यायचीच, कारण पिसाळीचा आजार एकदा उलटला की माणूस हाती लागत नाही. गोवराच्या लसीचेही तेच. प्रत्यक्ष गोवर होऊन गेलेल्या साधारण हजार मुलांत एकाला मेंदूचे असे दुखणे मागून येते. लसीनंतर असे होणे लाखात एकालाही नाही. तेव्हा नवव्या महिन्यात आणि दीड वर्षाच्या सुमारास मुलांना गोवराची लस टोचून घ्या. ज्या मुलाला असा आजार होऊन गेला आहे किंवा ज्याला स्टेरॉइड चालू आहे, त्याची लस मात्र डॉक्टरांना विचारूनच द्यावी.

आता उपचाराचे सांगते. चुकलेल्या रक्षकांना आवर घालण्यासाठी सलाईनमधून मोठ्या मात्रेत स्टेरॉइड सुरू केले, रोज एकदा, असे पाच दिवस. त्याने गुण आला नसता तर दुसऱ्या माणसांच्या रक्तातून काढलेली चांगली प्रतिपिंडे शिरेतून देतात, किंवा यंत्राने रक्तातला पातळ भाग बदलून वाईट प्रतिपिंडे काढून टाकतात. आम्हाला तितके करावे लागले नाही. स्टेरॉइड स्वतः महाग नाही. पण तपासण्या आणि खाटेचे भाडे होते. मंडळाचे पैसे पोचेपर्यंत ह्यांनी माझ्या पाटल्या सराफाकडे ठेवल्या होत्या. चौथ्या दिवशी पहाटे मी खाटेशी बसून तिच्या कपाळावरून हात फिरवत होते. तिने माझे मनगट चाचपले आणि म्हणाली, "आई, तुझ्या पाटल्या कुठे आहेत?" तिला दिसत होते, आठवत होते आणि हात ऐकत होता. मी तिथेच रडले. ह्यांनी बाहेर जाऊन चहा आणला, पण तो कोणी प्यायला नाही.

घरी आल्यावर स्टेरॉइडच्या गोळ्या सहा आठवडे होत्या, हळूहळू कमी करत न्यायच्या. त्या दिवसांत पोरीचा चेहरा भोपळ्यासारखा गोल झाला. भूक अशी, की रात्री उठून भाकरी मागायची. चिडचिड विचारू नका. येणारा-जाणारा म्हणे, "पोर सुजली, बंद करा ते औषध." भगिनींनो, ही फार मोठी चूक झाली असती. बाहेरून स्टेरॉइड मिळत असताना शरीर स्वतःचे तयार करणे थांबवते. एकदम बंद केले तर मुलाच्या जिवावर बेतू शकते, आणि आजारही उलटू शकतो. सूज औषध कमी होते तशी उतरते. आमचीही उतरली.

तीन महिन्यांनी काढलेल्या चित्रात डाग जवळजवळ गेले होते. सहा महिन्यांनी प्रतिपिंडे उरली होती थोडी. पुढल्या वर्षी रक्तात ती सापडली नाहीत. मुलगी धावते, दोरीवरच्या उड्या मारते. अक्षर पूर्वीइतके वळणदार राहिले नाही, पेन्सिल थोडी हलते. पण सगळ्यांच्याच वाट्याला इतके चांगले येत नाही. बहुतेक मुले बरी होतात, तरी काहींना लिहिण्या-वाचण्यात, लक्ष लागण्यात अडचण राहते. काहींचा आजार पुन्हा उलटतो, कधी डोळ्यांच्या नसेवर येतो. एक डोळा दुखतो, धूसर दिसते, लाल रंग फिका वाटतो. म्हणून बरे झाल्यावरही तपासणीला जायचे सोडू नये. आम्हीही अजून जातो.

घरी परत आल्यावर गावभर चर्चा झाली. कोणी म्हणाले पावसात भिजू दिली म्हणून, कोणी म्हणाले डब्यात शिळे दिले म्हणून. मलाही रात्र रात्र झोप येत नसे. मी डॉक्टरीणबाईंना विचारले, "माझ्या हातून काय झाले?" त्या म्हणाल्या, "ताई, सर्दी वर्गातल्या सगळ्या मुलांना झाली. त्यांतल्या एकीचे शरीर चुकले. त्यात आईचे काही नाही." आजार माझ्यामुळे झाला नाही, हे मला पटले. पण ती चापट आणि ते गेलेले दिवस माझेच आहेत, ते कोणाच्या सांगण्याने पुसले जात नाहीत. म्हणून तुम्हाला चार गोष्टी सांगते.

पहिली. मुलाचा ताप उतरल्यानंतर दोन-चार आठवडे त्याच्यावर नजर ठेवा. भीती नको, नजर ठेवा. खेळते, खाते, हसते आहे तर काळजीचे कारण नाही.

दुसरी. मूल एकाएकी फार झोपू लागले, ओळखेनासे किंवा असंबद्ध बोलू लागले, चालताना तोल जाऊ लागला, हातातून वस्तू सुटू लागल्या, डोळ्याला कमी दिसू लागले, झटका आला, किंवा लघवी अडली, तर त्याच दिवशी मोठ्या इस्पितळात न्या. मीठमोहऱ्या ओवाळायच्या तर ओवाळा, पण गाडीत बसता बसता.

तिसरी. डॉक्टरांपुढे मुलाचे शब्द जसेच्या तसे सांगा. आधी कोणता ताप होऊन गेला, केव्हा उतरला, तेही सांगा. आपल्या मते ते क्षुल्लक असले तरी सांगा.

चौथी. औषध कोणाच्या सांगण्यावरून मध्येच बंद करू नका.

आणि एक शेवटचे. मूल एकदम बदलले, आळशी झाले, हट्टी झाले, अक्षर बिघडले, तर हात उगारण्याआधी त्याला जवळ घ्या आणि विचारा, "बाळा, काय होतंय?" कधी कधी ते सोंगही असेल, मुले सोंगे करतातच. पण विचारायला पैसे पडत नाहीत. माझ्या मुलीने मला न विचारता सांगितले होते आणि मी ऐकले नाही.

 कोणाला घरातल्या मुलाविषयी काही विचारायचे असेल तर संकोच न करता माझ्याकडे यावे. मला औषधातले कळत नाही, पण तुमच्याबरोबर दवाखान्यात येऊन बसता येते, आणि चहाचा थर्मास भरून आणता येतो. एवढे बोलून मी आपली रजा घेते.